डावं पान, उजवं पान

(तालुक्याच्या गावी दरवर्षी होणाऱ्या स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यान. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या हाताखाली मी दोन वर्षं इतिहास शिकले. शिकले म्हणण्यापेक्षा एका प्रश्नाचा धसका घेतला. कुणी उठून घडाघडा म्हणायचं, "अश्मयुगात मानव भटके जीवन जगत होता." गुरुजी चष्म्यावरून बघायचे. "अश्मयुग म्हणजे काय रे?" "दगडाचं युग, गुरुजी." "आणि युग म्हणजे?" इथे सगळा वर्ग फरशीकडे बघायला लागायचा.

संयोजकांनी मला विषय दिला 'आदिमानव आणि प्राचीन संस्कृती'. एका संध्याकाळी लाखो वर्षं ओढून नेण्याची माझी ताकद नाही. त्यापेक्षा या विषयात रोज तोंडात येणारे सात-आठ शब्द घेते आणि गुरुजींचा प्रश्न त्यांना विचारते. म्हणजे काय?

आधी एक फजिती सांगते, माझीच आहे. उत्खननात प्रत्येक ट्रेंचची एक वही असते. विद्यार्थिनी असताना आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी ती हातात दिली आणि म्हणाले, डाव्या पानावर दिसतं ते लिहायचं, उजव्या पानावर वाटतं ते. सरमिसळ केलीस तर पुढे तुलाच निस्तरावी लागेल. मी मान डोलावली. चौथ्या दिवशी एका घराच्या चोपलेल्या जमिनीत लांबट गोल खड्डा लागला. कडा भाजून विटकरी झालेल्या, आत राख, आणि राखेच्या बरोबर मधोमध एक चपटा दगड. माझ्या अंगावर काटा आला. वही उघडली आणि डाव्या पानावर ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'अग्निकुंड'.

माती उचलायला रोजावर येणाऱ्या एक मावशी टोपली घेऊन शेजारी उभ्या होत्या. "काय घावलं वं ताई?" मी सांगितलं. मावशींनी एकदा त्या दगडाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "अवं, चूल हाय ती. त्यो दगूड भांडं टेकायला." आणि टोपली उचलून त्या चालू लागल्या.

आता नीट बघा. 'चूल' हा शब्दसुद्धा उजव्याच पानाचा. डाव्या पानावर फक्त खड्डा, भाजलेल्या कडा, राख आणि चपटा दगड. पण मावशींच्या उजव्या पानामागे चाळीस वर्षांचा स्वयंपाक होता आणि माझ्यामागे दोन पुस्तकं. तेव्हापासून कुठलीही संज्ञा कानावर पडली की मी मनात विचारते, ही कुठल्या पानावरची?

पहिला शब्द 'युग'. कोपनहेगनच्या संग्रहालयात ख्रिश्चन थॉमसन नावाचे गृहस्थ होते. वस्तूंचा ढीग पडलेला, लावायच्या कशा हा प्रश्न. त्यांनी दगडाच्या वस्तू, काशाच्या वस्तू आणि लोखंडाच्या वस्तू असा क्रम लावला आणि १८३६ साली तो छापून प्रसिद्ध झाला. दगड, कांसे, लोखंड ही तीन युगं आली ती अशी, एका संग्रहालयाच्या मांडणीतून. पुढे १८६५ मध्ये जॉन लबक यांनी दगडाच्या युगाचे दोन तुकडे केले, जुनं आणि नवं. त्यांना आपण पुराश्मयुग आणि नवाश्मयुग म्हणतो. मधला मध्याश्म नंतर घातला.

कपाट म्हणून ही सोय उत्तम होती. घोटाळा झाला तो कपाटाचा जिना केल्यावर. प्रत्येक समाज एकेक पायरी चढत वर येतो, पायरी चुकवता येत नाही, असं शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात दिसतं. मराठीत तर आपण 'युग' हा शब्द घेतला. त्याला कलियुगाचा वास आहे. एक युग सरलं, दुसरं लागलं, सगळ्या जगाला एकाच दिवशी! आपल्याच पठारावर बघा. पश्चिम महाराष्ट्रात निव्वळ नवाश्मयुगीन म्हणावं असं शेतकऱ्यांचं गाव मिळत नाही. इथे पहिला शेतकरी दिसतो तोच मुळी हातात थोडं तांबं घेऊन. म्हणून त्या काळाला ताम्रपाषाणयुग असं जोडनाव द्यावं लागलं. तेही जरा फसवंच आहे. 'ताम्र' आधी आलं म्हणून तांबं फार असेल असं वाटतं. प्रत्यक्षात मणी, बांगडी, मासे धरायचा गळ, एखादी कुऱ्हाड. संगमनेरजवळच्या जोर्व्याला तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या त्याचं आजही अप्रूप वाटतं. रोजचं कापणं-चिरणं चालायचं ते कॅल्सेडनीच्या नखाएवढ्या-बोटाएवढ्या पात्यांनी. पाती धारदार इतकी की धुताना माझ्या मैत्रिणीचं बोट कापलं. तीन हजार वर्षांनी!

हत्यारांचीही तीच गत. ३० मे १८६३ या दिवशी भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळच्या पल्लवरम इथे मुरमाच्या खाणीत घडवलेला एक दगड दिसला. भारतात पुराश्मयुग आहे हे त्या दगडामुळे कळलं. अशा दगडाला आम्ही हातकुऱ्हाड म्हणतो. खालून रुंद, वर निमुळता, दोन्ही अंगांनी छिलके काढलेला, थेंबाच्या आकाराचा. पण दांडा नाही, आणि त्याने झाड तोडल्याचा पुरावा म्हणाल तर बहुतेक ठिकाणी नाही. मांस कापलं असेल, कंद उकरले असतील, हाडं फोडली असतील. कुऱ्हाड हे आपण दिलेलं नाव. त्या मानाने 'छिलका' हा शब्द मला प्रामाणिक वाटतो. मोठ्या दगडावर घाव घातला, त्याची सालपट निघाली, तो छिलका. उरला तो गाभा. दोन्ही शब्द डाव्या पानावर खुशाल लिहावेत. चेन्नईजवळ अत्तिरम्पाक्कम इथल्या हातकुऱ्हाडींचं वय पंधरा लाख वर्षांच्या आसपास निघालं आहे. पंधरा लाख वर्षांपूर्वीच्या त्या हातांना आपण काय म्हणायचं, हा पुढचा प्रश्न.

'आदिमानव' म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं. हा शब्द कानावर पडला की पाठीत वाकलेला, हातात सोटा, कमरेला पानं, असा एकच इसम डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात मानवकुलाच्या कितीतरी जाती होत्या, काही एकाच वेळी नांदत होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच आपल्या पूर्वजही नव्हेत. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. 'आदिमानव' आणि 'आदिवासी' या शब्दांचं पहिलं अक्षर सारखं म्हणून वर्गात, गणपतीच्या देखाव्यात, कधीकधी छापील मजकुरातही दोघांना एका गुहेत बसवलेलं मी पाहिलं आहे. आज आपल्यासोबत मतदानाच्या रांगेत उभा असलेला माणूस लाखो वर्षांपूर्वीचा नसतो. हे सांगायला लागतं याचाच मला संताप येतो.

नावांच्या गमतीही आहेत. ऑस्ट्रॅलोपिथेकस आफ्रिकेतला, ऑस्ट्रेलियाशी त्याचा काडीचा संबंध नाही. लॅटिनमध्ये 'ऑस्ट्रॅलिस' म्हणजे दक्षिणेकडचा, म्हणून ते नाव. निअँडरथल हे जर्मनीतल्या एका दरीचं नाव, १८५६ साली तिथे हाडं मिळाली. दरीला नाव पडलं ते योआखिम निअँडर नावाच्या भजनकारावरून. त्याच्या घराण्याचं मूळ आडनाव नॉयमान, म्हणजे नवा माणूस. आजोबांनी त्याचं ग्रीक रूप करून घेतलं, तेव्हाची ती फॅशन होती. तर ज्याला जग जुनापुराणा माणूस म्हणतं तो सापडला 'नव्या माणसाच्या' दरीत.

आपल्याकडे नर्मदेच्या काठी हथनोरा इथे १९८२ मध्ये अरुण सोनकिया यांना कवटीचा वरचा भाग मिळाला. आधी ती होमो इरेक्टसची मानली गेली, नंतर काही अभ्यासकांनी ती होमो सेपियन्सच्या पुरातन रूपाची ठरवली. कवटी तीच. बदललं ते उजवं पान. 'नर्मदा मानव' हे नाव मला म्हणूनच आवडतं. कुठे मिळाला तेवढं सांगतं, पुढचं तोंड उघडत नाही.

जाता जाता कालगणनेबद्दल. 'तीन हजार वर्षांपूर्वी' आणि 'इसवी सनपूर्व तीन हजार' यांत दोन हजार वर्षांचा फरक आहे. वर्तमानपत्रांत हा फरक आठवड्याला एकदा तरी गिळला जातो. कार्बन-१४ च्या तारखा 'आजपासून इतकी वर्षं आधी' अशा देतात, आणि त्यातला 'आज' म्हणजे १९५०. मी जन्मले नव्हते तेव्हाचा हा 'आज' आहे.

आता ज्या शब्दाने मराठी माणसाला सगळ्यात जास्त घोळात टाकलं आहे तो शब्द. संस्कृती.

हिंदीत सिंधू 'सभ्यता' म्हणतात. आपण तसं म्हणू शकत नाही, कारण मराठीत सभ्यता म्हणजे पाहुण्यांसमोर पाय पसरून न बसणं. म्हणून आपण सिंधू संस्कृती म्हणतो. वारली चित्रकलेबद्दल बोलताना संस्कृती म्हणतो. मुलगा उलटून बोलला तर 'हीच का आपली संस्कृती' म्हणतो. आणि आम्ही पुरातत्त्ववाले म्हणतो जोर्वे संस्कृती. चार अर्थ, शब्द एक. यातला आमचा अर्थ सगळ्यात रूक्ष आहे, तो ऐकून घ्या. एका ठरावीक काळात, ठरावीक टापूत, काही वस्तू पुन्हा पुन्हा एकत्र मिळतात, त्या संचाला आम्ही संस्कृती म्हणतो. त्या संचाला जिथे तो पहिल्यांदा ओळखला गेला त्या गावाचं नाव देतो. प्रवरेकाठचं जोर्वे हे लहानसं गाव. १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे खणलं, आणि ते नाव देशोदेशीच्या पुस्तकांत गेलं.

जोर्वे संस्कृती म्हणजे मुख्यतः एक भांडं, असं म्हटलं तर सहकारी रागावतील, पण मी म्हणणार आहे. ते भांडं तुम्ही हातात घेऊन बघायला हवं. पातळ, नारिंगी-तांबडं, खरपूस भाजलेलं. नखाने टिचकी मारली तर धातूसारखा नाद येतो. वर काळ्या रंगात आडव्या-तिरप्या रेघा. वाडग्याच्या पोटाला मध्येच धारदार कंगोरा, आणि चंबूला लांब नळीसारखी तोटी. हे भांडं कोकणची किनारपट्टी आणि विदर्भाचा काही भाग सोडला तर जवळजवळ सगळ्या महाराष्ट्रात मिळतं, दोनशेच्या वर ठिकाणी. इथवर डावं पान. पण आपण लगेच म्हणतो, जोर्वे लोक आले, जोर्वे लोक पसरले. कोण लोक? तुम्ही आत्ता ज्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसला आहात तशाच खुर्च्या गडचिरोलीच्या लग्नात असतात आणि आफ्रिकेतल्या चहाच्या टपरीवरही. तीन हजार वर्षांनी कुणी त्या उकरून काढल्या तर 'खुर्ची संस्कृती' म्हणेल, आणि एवढंच म्हटलं तर बरोबर म्हणेल. 'खुर्ची लोक' म्हणाला, त्यांची भाषा आणि जात सांगू लागला, की समजा गेला उजव्या पानावर. एक भांडं वापरणारे सगळे एका रक्ताचे किंवा एका भाषेचे असतात असं नाही. या एका गफलतीवर गेल्या दीडशे वर्षांत किती राजकारण झालं ते मी सांगायला नको.

मोठी नगरं, लेखन, ठरलेली वजनमापं, दूरचा व्यापार असलेल्या संस्कृतीसाठी 'नागरी संस्कृती' असा वेगळा शब्द अभ्यासकांनी चालवला आहे, तो वापरावा. पण नगरं आली की उजव्या पानाला आणखीच चेव येतो. मोहेंजोदडोचंच घ्या. साडेसतरा सेंटिमीटरचा दगडी अर्धपुतळा आहे, दाढी, कपाळाला पट्टी, अंगावर तिपानी नक्षीची शाल. त्याचं नाव 'पुरोहित-राजा'. तो पुरोहित होता याला पुरावा नाही, राजा होता याला तर नाहीच. साडेदहा सेंटिमीटरची काशाची मुलगी, एक हात कमरेवर, दुसरा हात खांद्यापासून मनगटापर्यंत बांगड्यांनी भरलेला. तिला आपण 'नर्तिका' करून टाकलं. ती नाचत नाही हो, उभी आहे! मला तर ती कुणाची तरी वाट बघून कंटाळलेली वाटते. हे माझं उजवं पान, तुम्ही ते मानू नका. मॉर्टिमर व्हीलर यांनी ज्या भल्या मोठ्या विटांच्या चौथऱ्याला धान्यकोठार म्हटलं तिथे धान्याचा दाणा मिळाला नाही. आणि एकदा कोठार म्हटलं की कोठारात कर भरणारे आले, कर घेणारं सरकार आलं, सरकारचा पुरोहित-राजा तर आधीच बसलेला होता. शब्दांच्या चवडीवर एक राज्यव्यवस्था उभी राहिली. पाण्याच्या टाकीला 'महास्नानगृह' म्हणतात ते त्यातल्या त्यात बरं. बारा मीटर लांब, सात रुंद, जवळपास अडीच खोल, दोन्हीकडून पायऱ्या, पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर. एवढी खटपट पाण्यासाठीच होती हे तर दिसतंच.

आणि आता जो शब्द मला मनापासून प्रिय आहे तो. तो कुठल्या परिभाषा कोशाने घडवलेला नाही. पांढरी.

सभागृहातल्या पिकल्या केसांच्या मंडळींना सांगायला नको. गावाची जमीन दोन प्रकारची, काळी आणि पांढरी. काळीत पिकतं, पांढरीत राहतात. एकाच जागी माणसं शेकडो वर्षं राहिली की चुलीची राख, शेण, गोठ्यातला केर, कोसळलेल्या मातीच्या भिंती, सगळं थरावर थर साचत जातं आणि माती राखाडी-पांढरट, भुसभुशीत होते. आजूबाजूला काळंभोर रान आणि मध्येच हा फिका डाग. आम्ही नव्या गावात सर्वेक्षणाला गेलो की पारावर बसलेल्यांना 'इथे प्राचीन वसाहतीचे अवशेष आहेत का' असं विचारत नाही. 'पांढरी कुठाय?' एवढं विचारतो. लगेच बोट दाखवतात. 'ती काय, वढ्याच्या अंगाला.' पुष्कळदा तिथे घर नसतं, कुणाच्या आठवणीत कधी नव्हतंही. गाव उठून शेकडो वर्षं झालेली असतात, आणि तरी त्या रानाला नाव असतं पांढरीचं. आम्ही अहवालात लिहितो 'पांढरीचं टेकाड'. नांगराने टेकाड सपाट झालं तरी पांढरी म्हणून ते ओळखू येतं, कारण शब्द उंचीला चिकटलेला नाही, मातीला चिकटलेला आहे.

ही माती खताच्या गुणाची. म्हणून शेतकरी ती गाड्या भरभरून शेतात नेत आले, धाब्याच्या छपरावरही घालत आले. बैलगाडी होती तोवर टेकाडाचा घास बेताने जायचा. जेसीबी आल्यावर आठवडाभरात हजार वर्षं उचलली जातात. मी कुणाला दोष देत नाही. त्याला शेत पिकवायचं आहे, आणि पांढरी पिकाला चांगली हे ज्ञान त्याच शब्दात साठवलेलं आहे.

अशाच एका पांढरीवर, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला, डेक्कन कॉलेजने १९६८ पासून कितीतरी हंगाम उत्खनन केलं. सांकलिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी. साधारण इसवी सनपूर्व १६०० ते ७०० इतका काळ तिथे लोक राहिले. शंभराच्या वर घरं उघडी झाली. आधीची चौकोनी, ऐसपैस. शेवटच्या काळातली लहान, गोल झोपड्यांसारखी. सातू पिकवत होते, नदीच्या पुराचं पाणी वळवायला पाट काढला होता. धान्य साठवायला पेवं होती, कणग्या होत्या, आणि हे शब्द आमच्या लोकांना कोशात शोधावे लागले नाहीत. ते रोजावरच्या मंडळींच्या घरचेच होते.

लहान मूल गेलं तर दोन मडक्यांत घालून, मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून, घरातल्याच जमिनीखाली आडवं पुरायचे. मोठ्या माणसाला उत्तरेकडे डोकं करून उताणं निजवायचे आणि त्याचे पाय घोट्याच्या वर तोडलेले असायचे. मेलेल्याने चालत निघून जाऊ नये म्हणून तोडत असतील, असं म्हणतात. असेल. त्यांना तसं वाटत असेल, किंवा त्यांचं कारण आपल्या कुणाच्याच डोक्यात येण्यासारखं नसेल. घरच्या उंबऱ्याआत मूल पुरणाऱ्या बाईला त्या जमिनीवर रोज सारवण घालताना काय वाटत असेल, हे मी कधी उजव्या पानावरही लिहिलं नाही.

एक दफन मात्र वेगळं निघालं. ते वेगळं म्हणून त्याच्याभोवती शब्द फार जमले. इंग्रजी अहवालाच्या आधारे आपण त्याला मुखिया म्हणतो, कुणी गणप्रमुख म्हणतं, एका व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी मला 'म्हणजे त्या काळचे पाटीलच की हो' असं विचारलं होतं. पाटील म्हटलं की वतन आलं, चावडी आली, मागे सरकार आलं. मुखिया म्हटलं की जमात आली. प्रत्येक शब्द आपल्यासोबत स्वतःचं बिऱ्हाड घेऊन येतो. कदाचित तो खरंच मुखिया असेल. ढवळीकरांनी तसं मांडलं ते विचार करूनच, घराचा आकार, गावातली जागा, बाकीच्यांपेक्षा वेगळी रीत, हे सगळं धरून, आणि ते उजव्या पानावर लिहिण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता.

पण ती वही आज माझ्या हातात असती, मावशी टोपली घेऊन शेजारी उभ्या असत्या, आणि मागे गुरुजी चष्म्यावरून बघत असते, तर डाव्या पानावर मी एवढंच लिहिलं असतं: पाच खोल्यांचं घर. अंगणात कच्च्या मातीचा, चार पायांचा, पोट फुगलेला रांजण. आत प्रौढ पुरुष, बसलेला. पाय शाबूत.